रिपेअरच्या धंद्यात पैसा वाढलेला दिसतो, पण तो जातो कुठे?

मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही, गेमचे कन्सोल असल्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या धंद्याची उलाढाल वाढतेय की घटतेय, हा प्रश्न ऐकायला अगदी सरळ आहे. पण तीन ठिकाणी शोधलं तर तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतो जोरात वाढतेय, दुसरा म्हणतो आहे तिथेच आहे, तिसरा म्हणतो अहो दुकानं बंद होतायत, आणि गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कारण उलाढाल म्हणजे गिऱ्हाइकाने मोजलेले एकूण पैसे. त्यातले पार्टवाल्याकडे किती गेले, विमा कंपनीने किती ठेवून घेतले आणि ज्याने खरंच स्क्रू फिरवले त्याच्या पदरात काय पडलं, हे त्या एका आकड्यात कुठेच दिसत नाही. आणि जिथे जिथे हा आकडा फुगलेला दिसतो तिथे बऱ्याचदा कामं वाढलेली नसतात, एकेक काम महाग झालेलं असतं. हा फरक नीट कळला की बाकीचं सगळं सोपं आहे.

तर सुरुवातीला थोडं गणित, घाबरू नका, फक्त गुणाकार आहे. रिपेअरची उलाढाल चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते. लोकांच्या वापरात एकूण किती वस्तू आहेत, त्यातल्या वर्षाला किती बिघडतात, बिघडलेल्यांपैकी किती लोक दुरुस्तीला आणतात (बाकीचे कपाटात टाकतात किंवा नवीन घेतात), आणि आणलेल्या एका कामाचं बिल सरासरी किती होतं. आता यातली पहिली आणि चौथी गोष्ट बरीच वर्षं वर चाललीये, दुसरी खाली येतेय आणि तिसरी वस्तूनुसार वरखाली होते, म्हणून एकाच वर्षी फोनवाला खूश आणि टीव्हीवाला रडतोय असं होऊ शकतं.

पहिली गोष्ट म्हणजे वापरातल्या वस्तू. इथे बरेच लोक नवीन विक्रीचे आकडे बघतात आणि तिथेच फसतात. जगात स्मार्टफोनची विक्री २०१६ च्या सुमाराला वर्षाला साधारण १४७ कोटींपर्यंत गेली होती, २०२३ मध्ये ती ११७ कोटींच्या आसपास आली. फोन कंपन्यांच्या दृष्टीने ही वाईट बातमी, पण रिपेअरवाल्याला यात वाईट काही नाही, उलट चांगलंच आहे. पाण्याच्या टाकीसारखं बघा, वरून नळ थोडा बारीक झाला पण खालची गळती त्याहून कमी झाली तर टाकीतली पातळी काही उतरत नाही, फक्त पाणी जुनं होत जातं. फोनचंही तेच. लोक तोच फोन जास्त वर्षं वापरायला लागले, म्हणजे वापरातले फोन सरासरीने म्हातारे झाले, आणि म्हाताऱ्या फोनची बॅटरी उतरते, चार्जिंगचा पोर्ट सैल होतो, स्पीकर घोगरा होतो. नवीन फोन विकला गेला त्या वर्षी तो रिपेअरवाल्याच्या काहीच कामाचा नसतो, वॉरंटीत असतो ना, तो कामाचा होतो दोन-तीन वर्षांनी. म्हणून विक्रीचा आकडा आणि रिपेअरचा आकडा यांच्यात नेहमी दोन-तीन वर्षांचं अंतर राहतं. कोविडच्या काळात सगळे घरी बसले आणि २०२१ मध्ये जगात जवळपास ३५ कोटी कॉम्प्युटर-लॅपटॉप विकले गेले, त्या गठ्ठ्याच्या बॅटऱ्या, कीबोर्ड आणि बिजागऱ्यांची कामं त्याच वर्षी येणार नव्हतीच, ती यायची ती वॉरंटी संपल्यावर.

या म्हातारपणाला सॉफ्टवेअरनेही हातभार लावलाय. आधी कसं व्हायचं, फोन चालू स्थितीत असायचा पण दोन-तीन वर्षांत अपडेट बंद व्हायचे, मग असा फोन रिपेअर करायला कोण पैसे घालणार. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ ला तेच केलं. सात वर्षं चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फोनमध्ये एक नाही, दोन बॅटऱ्या बदलायची वेळ येऊ शकते. उलटंही होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ज्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही अशी कितीतरी मशीन हार्डवेअरने ठणठणीत असून रिपेअरच्या दृष्टीने बाद होत गेली. त्यांच्यात नवीन एसएसडी (डेटा साठवायची न फिरणारी डिस्क) टाकून कोण घेणार, विंडोजऐवजी फुकटातली लिनक्स चालवणारा एखादा सोडला तर.

आता दुसरी गोष्ट, बिघडण्याचं प्रमाण. हे कमी होतंय, आणि रिपेअरवाल्यांना हे उघडपणे बोलायला आवडत नाही. लॅपटॉपमधून फिरणारी हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर आपटून डिस्क मेली, कटकट आवाज यायला लागला ही सगळी नेहमीची कामं गेली. आयफोन एक्समध्ये २०१७ ला होम बटण गेलं, बऱ्याच फोनमधून हेडफोनचं भोक गेलं, पाण्यापासून बचाव करणारी सीलं आली, काच आधीपेक्षा चिवट झाली. बॅटरीचं तर साधं गणित मांडून बघता येतं. ॲपल आधी सांगायचं की त्यांच्या आयफोनची बॅटरी ५०० सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एक पूर्ण चार्ज) ८० टक्के क्षमता राखते, आणि आयफोन १५ साठी २०२४ मध्ये त्यांनी हा आकडा १००० केला. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० सायकल म्हणजे सोळा-सतरा महिने, १००० म्हणजे पावणेतीन वर्षं. म्हणजे एकाच फोनला बॅटरीसाठी दुकानात यायची वेळ येणार ती निम्म्या वेळा. फोन जास्त वर्षं टिकतो म्हणून वाढलेलं काम इथे बरंचसं वजा होऊन जातं.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मजेशीर, दुरुस्त करू की नवीन घेऊ हा निर्णय. आणि हा समजायला टीव्ही घ्या. टीव्हीच्या किमती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भयंकर पडल्या, आकार वाढला आणि किंमत पडली. कारखान्यात माणसामागे दरवर्षी जास्त पॅनेल निघतात म्हणून वस्तू स्वस्त होते. पण तुमचा टीव्ही उघडून, पॉवर बोर्ड मोजून, फुगलेला कॅपेसिटर काढून नवीन टाकायला कारागिराला वीस वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. त्याच्या तासाची मजुरी मात्र बाकी सगळ्यांच्या पगाराबरोबर वाढलीच पाहिजे, नाहीतर तो हे काम सोडून दुसरं करेल. म्हणजे एकीकडे वस्तूची किंमत खाली, दुसरीकडे मजुरी वर, आणि कधीतरी या दोन रेषा एकमेकींना छेदतात. छेदल्या की मग नाकापेक्षा मोती जड, दुरुस्ती वस्तूएवढीच किंवा वस्तूपेक्षा महाग. टीव्हीचा पॅनेल फुटला तर हे जवळजवळ ठरलेलंच, कारण सगळ्या टीव्हीत महाग भाग तोच असतो आणि तो सुटा घ्यायला गेलं तर अख्ख्या सेटच्या किमतीच्या जवळ जातो, ते सुद्धा मिळाला तर. अर्थशास्त्रात याला बॉमोल इफेक्ट म्हणतात, बॉमोल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात हे मांडलं. त्यांनी उदाहरण टीव्हीचं नाही, चौघा वादकांच्या चमूचं घेतलं होतं, चार जणांनी वाजवायची रचना आजही चार जणच आणि तेवढ्याच वेळात वाजवतात, पण त्यांचं मानधन वाढत जातं. तोच नियम रिपेअरच्या टेबलाला तंतोतंत लागू होतो.

म्हणूनच रेडिओ, टेपरेकॉर्डर, डीव्हीडी प्लेअर, मग टीव्ही असा एकेक प्रकार या धंद्यातून गळत गेला, आणि उरले ते महाग फोन, लॅपटॉप आणि कन्सोल. आपण म्हणतो लोकांना फेकून द्यायची सवय लागली, काही अंशी असेलही, पण मला तरी हे सवयीपेक्षा हिशोबाचं प्रकरण जास्त वाटतं. जिथे वस्तू महाग आहे तिथे तेच लोक बरोबर दुरुस्तीला येतात. हां, एक भानगड अजून आहे, गिऱ्हाइकाला आधी सांगता येत नाही की बिल किती होईल. तपासायलाच अर्धा तास जातो, तपासणीचे पैसे मागितले तर माणूस फिरतो, नाही मागितले तर तो अर्धा तास दुकानाच्या अंगावर. म्हणून बरीच दुकानं तपासणी फुकट ठेवतात आणि तो खर्च बाकीच्या बिलांवर थोडा थोडा चढवतात, म्हणजे दुरुस्त न झालेल्या वस्तूंचा खर्च दुरुस्त झालेल्या वस्तू उचलतात.

चौथी गोष्ट म्हणजे एका कामाचं बिल, आणि आकडा फुगवणारी खरी हीच. आयफोन एक्स आला तेव्हा वॉरंटीबाहेर त्याचा डिस्प्ले बदलायला ॲपल अमेरिकेत २७९ डॉलर घ्यायचं, त्याच वर्षी आलेल्या आयफोन ८ ला १४९. एकाच कंपनीचे एकाच वर्षातले दोन फोन, काम एकच, आणि बिल जवळपास दुप्पट, कारण आयफोन ८ मध्ये एलसीडी हा जुन्या प्रकारचा डिस्प्ले आणि आयफोन एक्समध्ये महागडा ओएलईडी. फुटते फक्त वरची काच, पण काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना असे चिकटवलेले असतात की साधारणपणे अख्खा कॉम्बोच बदलायला लागतो.

आता मजा बघा. समजायला सोपं जावं म्हणून मनाने आकडे घेऊ, चलन कुठलंही धरा. एका दुकानात आधी महिन्याला १०० डिस्प्ले बदलले जायचे, एकाचं बिल १००, त्यात पार्ट ४०. म्हणजे उलाढाल १०,०००, पार्टचे गेले ४,०००, हातात ६,०००, त्यातून भाडं, पगार, लाईटबिल. आता नवीन जमान्यात कामं झाली ६०, पण एकाचं बिल २५० आणि पार्ट १८०. उलाढाल झाली १५,०००. वा, दीडपट! पण पार्टचे गेले १०,८००. वर, नाजूक पॅनेल लावताना वीसमागे एक वाया जातो असं धरलं तर ६० मागे ३ पॅनेल, ते ५४० दुकानाच्या खिशातून. हातात उरले ३,६६०. उलाढाल पन्नास टक्क्यांनी वाढली आणि हातात उरणारे पैसे जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाले, आणि भाडं काही कमी झालेलं नाही. रिपोर्टमध्ये हे दुकान वाढीच्या बाजूला मोजलं जाणार.

वर हे काम वेळ पण जास्त खातं. जुन्या फोनला चार-पाच स्क्रू काढले की झाकण यायचं. आताचा फोन आधी हीट मॅटवर ठेवून कडेचा गोंद मऊ करायचा, सक्शन कपने काच जेमतेम केसभर उचलायची, त्या फटीत पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून चारही बाजूंनी गोंद कापत जायचा, आणि पट्टी दोन-तीन मिलिमीटर जास्त आत गेली तर आतली फ्लेक्स केबल तुटते, मग तो दुसरा पार्ट. नवीन लावायच्या आधी जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढायचा, नवीन सील बसवायचं, दाबून ठेवायचं. आणि एवढं करून फोन चालू केला की स्क्रीनवर सूचना येते, हा डिस्प्ले अस्सल आहे की नाही ते ओळखता आलं नाही. कारण काही कंपन्या डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा यांचा सिरियल नंबर फोनच्या मुख्य बोर्डाशी सॉफ्टवेअरने बांधून ठेवतात, दुसऱ्या अस्सल फोनमधून काढलेला पार्ट लावला तरी फोन बऱ्याचदा त्याला आपला मानत नाही. २०२१ मध्ये आयफोन १३ आला तेव्हा तर बाहेर डिस्प्ले बदलला की फेस आयडी, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडणंच, बंद पडायचं. डिस्प्लेवरची एक बारीक चिप मायक्रोस्कोपखाली काढून नवीन डिस्प्लेवर बसवली तरच ते चालायचं, आणि ओरड झाल्यावर ॲपलने सॉफ्टवेअर अपडेटने ते सोडवलं. उलाढालीच्या भाषेत याचा अर्थ काय, तर काम कोणाकडे जाणार हे कौशल्यावर ठरत नाही, ते बांधलेलं कुलूप उघडायची परवानगी कोणाकडे आहे यावर ठरतं, आणि ज्याच्याकडे परवानगी आहे तो पार्टची किंमतही ठरवतो.

हे झालं थेट गिऱ्हाइकाच्या पैशाचं. पण दुसरा मोठा बदल असा की आता बऱ्याच कामांचे पैसे फोन पडायच्या आधीच देऊन झालेले असतात. प्रोटेक्शन प्लॅन, एक्सटेंडेड वॉरंटी, मोबाईलचा विमा, नावं वेगळी पण प्रकार तोच. ॲपलचा असा प्लॅन, ॲपलकेअर प्लस, २०११ मध्ये आला. अमेरिकेतल्या ऑलस्टेट या विमा कंपनीने स्क्वेअरट्रेड नावाची प्लॅन विकणारी कंपनी १.४ अब्ज डॉलरला विकत घेतली, तो सौदा २०१७ च्या सुरुवातीला पूर्ण झाला. आणि फोनचा विमा चालवणाऱ्या असुरियनने २०१९ मध्ये यूब्रेकआयफिक्स ही रिपेअर दुकानांची साखळीच घेऊन टाकली. का घेतली हे उघड आहे, क्लेमचा खर्च जिथे होतो ती जागा आपल्याच ताब्यात असली की तो खर्च आवरता येतो.

प्लॅनमुळे उलाढालीच्या आकड्यात दोन गोंधळ होतात. पहिला वेळेचा. समजा कोणी दोन वर्षांचा प्लॅन २४० ला घेतला. पैसे पहिल्याच दिवशी आले, पण हिशोबाच्या नियमाप्रमाणे ते सगळे त्या दिवशीचं उत्पन्न म्हणून दाखवता येत नाहीत, कारण सेवा अजून द्यायची आहे. म्हणून महिन्याला १० असे चोवीस महिने थोडे थोडे उत्पन्नात घेतले जातात. म्हणजे या वर्षी प्लॅनची विक्री आपटली तरी उत्पन्नाची रेष पुढचे कितीतरी महिने बऱ्यापैकी गुळगुळीत दिसते, मागचे प्लॅन तिला धरून ठेवतात. दुसरा गोंधळ एकच काम अनेकदा मोजण्याचा. गिऱ्हाइकाने विमा कंपनीला १०० दिले, ते तिचं उत्पन्न. तिने दुकानाला दुरुस्तीचे ६० दिले, ते दुकानाचं उत्पन्न. दुकानाने पार्टवाल्याला ४० दिले, ते त्याचं. रिपोर्ट लिहिणाऱ्याने तिघांची बेरीज मारली तर २०० होतात, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून गेलेत फक्त १००. मार्केट रिपोर्टमधले आकडे एकमेकांपासून एवढे लांब का असतात त्याचं हे एक मोठं कारण.

बरं, विम्याच्या कामात दुकानाला भाव ठरवायचा अधिकार जवळपास नसतोच. विमा कंपनी म्हणते मी तुला रोज कामं पाठवते, दर माझा. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कामाची खात्री मिळते हे खरं, पण एकेका कामामागचं मार्जिन पातळ होतं, आणि ठरलेल्या दिवसांत ते पुन्हा बिघडून आलं तर दुसऱ्यांदा फुकट.

सरकारी आकडेवारी तरी स्वच्छ असेल असं वाटतं, ती पण नाही. अमेरिकेत उद्योगांना कोड असतात. आधी ग्राहक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीला ८११२११ असा वेगळा कोड होता, २०२२ च्या फेररचनेत तो कॉम्प्युटर, ऑफिसची मशीन, कम्युनिकेशनची उपकरणं आणि नाजूक मोजमापाच्या उपकरणांच्या दुरुस्तीबरोबर एकाच ८११२१० मध्ये घातला. म्हणजे फोनची काच आणि हॉस्पिटलमधल्या यंत्राची दुरुस्ती आता एकाच खोक्यात. शिवाय जे दुकान नवीन वस्तू विकतं आणि जोडीला रिपेअरही करतं ते किरकोळ विक्रीत मोजलं जातं. उत्पादक कंपनी स्वतः दुरुस्त करते ते तिच्या स्वतःच्या खात्यात. थोडक्यात, काम दुकानाकडून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे सरकलं तर कागदावर रिपेअर उद्योग आकसलेला दिसेल, आणि जगात दुरुस्त झालेल्या फोनची संख्या मात्र तेवढीच असेल.

उत्पादक कंपनीचा विषय निघालाच आहे तर तिच्या नजरेतून बघू, कारण तिथे चित्र एकदम उलटं आहे. तिच्यासाठी वॉरंटीतली दुरुस्ती म्हणजे निव्वळ खर्च. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे एक्सबॉक्स ३६०. कन्सोल बंद पडून समोर तीन लाल दिवे लागायचे, तक्रारी एवढ्या वाढल्या की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली, आणि त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलरचा खर्च हिशोबात धरावा लागला. दुरुस्त्या प्रचंड झाल्या, पार्सलं गेली-आली, कारागीर कामाला लागले, आणि रिपेअरची उलाढाल म्हणून यातलं किती मोजलं गेलं? गिऱ्हाइकाकडून पैसेच घेतले नाहीत तर मोजणार काय.

दुसरं उदाहरण ॲपलच्या बॅटरीचं. जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो हे २०१७ च्या डिसेंबरमध्ये उघड झालं, लोक भडकले, मग कंपनीने २०१८ हे वर्षभर बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. २ जानेवारी २०१९ ला ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं की तिमाहीची विक्री आधी सांगितलेल्या ८९ ते ९३ अब्ज डॉलरऐवजी ८४ अब्जांच्या आसपास राहील. सगळ्यात जास्त दोष चीनमधल्या मंदीला दिला होता, पण कारणांच्या यादीत स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्याही होत्या. २९ डॉलरची एक बॅटरी म्हणजे पुढे ढकलला गेलेला एक नवीन फोन. यानंतर कंपन्या रिपेअरच्या बाबतीत एवढ्या हात आखडता का घेतात हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१ मध्ये संसदेला जो अहवाल दिला त्यात सुरक्षिततेची वगैरे जी कारणं कंपन्या सांगतात त्यांना फारसा पुरावा सापडत नाही असंच म्हटलंय.

मग स्वतंत्र रिपेअरवाला जगतो कशावर? जे टिकलेत त्यांच्या गल्ल्यात डिस्प्ले-बॅटरीचा वाटा कमी होत गेलाय आणि दुसऱ्या गोष्टी वाढल्यात. एक म्हणजे बोर्डवरचं काम. इथे पार्टची किंमत नगण्य आणि डोक्याची किंमत जास्त, एखादा जळालेला कॅपेसिटर थर्मल कॅमेऱ्याखाली लालबुंद दिसतो, तो काढला की मेलेला फोन उठतो, आणि बिल जवळजवळ सगळंच मजुरीचं. डेटा परत मिळवायचं काम तर याहून बरं, कारण तिथे गिऱ्हाईक फोनच्या किमतीशी तुलनाच करत नाही, त्याला फोटो हवे असतात. पण ही कामं शिकायला वर्षं जातात आणि दिवसाला किती होणार याला मर्यादा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे जुना फोन घ्यायचा, नीट करायचा आणि विकायचा. पॅरिसमध्ये २०१४ मध्ये सुरू झालेली बॅक मार्केट ही कंपनी याच मालाच्या बाजारावर उभी राहिली. इथेही आकड्यांची गंमत आहेच, तोच कारागीर, तेच टेबल, तीच बॅटरी बदलली, पण फोन दुकानाच्या मालकीचा होता म्हणून ही दुरुस्ती म्हणून मोजलीच जात नाही, वस्तूची विक्री म्हणून मोजली जाते. तिसरं म्हणजे शाळा आणि ऑफिसांची ठोक कामं, शेकडो एकसारखे लॅपटॉप, ठरलेला दर, उशिरा येणारे पैसे. उशिरा येणारे पैसे हे मुद्दाम लिहितोय.

राहता राहिले दुरुस्तीच्या हक्काचे कायदे, म्हणजे पार्ट आणि माहिती बाहेरच्यांनाही द्यायला कंपन्यांना भाग पाडणारे, ते गेल्या चार-पाच वर्षांत भराभर आले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याचा कायदा २८ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला, कॅलिफोर्निया आणि मिनेसोटाचा १ जुलै २०२४ पासून. कॅलिफोर्नियात १०० डॉलर किंवा त्याहून महाग वस्तूचे पार्ट, अवजारं आणि माहिती सात वर्षं उपलब्ध ठेवायला लागते. ओरेगॉनने २०२४ मध्ये जो कायदा केला त्यात पार्ट बोर्डाशी बांधून ठेवायच्या प्रकारालाच हात घातला. युरोपमध्ये २० जून २०२५ पासून नवीन स्मार्टफोन आणि टॅबलेटसाठी नियम आलेत, बॅटरी ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के राहिली पाहिजे आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही ठराविक पार्ट सात वर्षं मिळाले पाहिजेत. आणि युरोपचा दुरुस्तीच्या हक्काचा कायदा ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा ठरलाय, त्यात वॉरंटीतल्या वस्तूला बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर कायदेशीर हमी एक वर्ष वाढते.

यातला प्रत्येक नियम आपल्या त्या गुणाकारातल्या वेगवेगळ्या आकड्याला हात लावतो, आणि सगळे एकाच दिशेने नाही. पार्ट खुले झाले तर बिल खाली येईल पण दुरुस्तीला येणारे वाढतील. बॅटरी ८०० सायकल टिकली तर बिघाड कमी होतील. हमी वाढली तर आणखी एक वर्ष कामं वस्तू विकणाऱ्याच्या खर्चात जातील, रिपेअरच्या दुकानाच्या उत्पन्नात नाही. ऑस्ट्रियाने एप्रिल २०२२ मध्ये वेगळाच रस्ता घेतला, दुरुस्तीच्या बिलातला निम्मा वाटा, जास्तीत जास्त २०० युरो, सरकारने द्यायचा. फ्रान्सनेही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठी दुरुस्ती बोनस सुरू केला. मला हा उपाय जास्त नेमका वाटतो, कारण तो थेट तिसऱ्या आकड्यावर काम करतो, नाकापेक्षा जड झालेल्या मोत्याचं वजनच कमी करतो, आणि कारागिराच्या मजुरीला धक्का लागत नाही. फक्त पैसे बंद झाले की त्या आकड्याचं काय होतं हा प्रश्न राहतो.

आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात बॅटरीचा नवीन नियम लागू होणार आहे, त्यात उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतःला काढता-घालता आली पाहिजे. जास्त टिकाऊ बॅटरी आणि पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनना त्यातून काही सवलती आहेत, पण बाकी वस्तूंमध्ये, हेडफोन, स्पीकर, कन्सोलचे कंट्रोलर यांच्यात, बॅटरी घरच्या घरी बदलली जाईल. असं झालं तर वस्तूंची आयुष्यं वाढतील, बॅटऱ्या भरपूर खपतील, आणि तो सगळा पैसा पार्ट विकणाऱ्याच्या खात्यात सामानाची विक्री म्हणून पडेल. रिपेअर उद्योगाच्या तक्त्यात त्या वर्षी त्या वस्तूंसमोर घट दिसेल.